राखणदाराला करमत नाही

रुआन: पँट चढव म्हणते ना! लुंगीवर नाचलास तर राखणदार हसेल, आणि लुंगी सुटली तर गाव हसेल.

आर्विड: ताई, मी येणार नाही. आज गुडघा धरलाय.

रुआन: काल पाऊस होता. परवा म्हणे पोलिसांची गाडी फिरत होती. त्याच्या आदल्या दिवशी चष्मा सापडत नव्हता. नाचायला चष्मा कशाला लागतो रे?

आर्विड: पाय कुठे पडतोय ते दिसायला नको?

रुआन: पाय खालीच पडतो. वर पडलेला ऐकलायस कधी?

आर्विड: आणि मुळात नवस मी बोललोच नाही. तुम्ही बोललात, तुम्ही फेडा.

रुआन: तू कुठून बोलणार? साथीत दवाखाने भरले म्हणून तुला शाळेत नेऊन टाकलेलं, पुठ्ठ्याच्या खाटेवर, नाकात नळी खुपसून.

आर्विड: खाटेवर नाही. खाट पहिल्याच दिवशी बसली. मी जमिनीवर होतो.

रुआन: बसणारच! नॉर्वेचा रेडा आणि पुठ्ठा आमच्या मापाचा. मी फाटकाबाहेर भाताची टोपली घेऊन उभी, आत कुणी सोडेना. धाकटी बहीण गेली, आता तिचा नवराही चालला, म्हटलं. मग टेकडीवर गेले राखणदाराकडे. उकडलेली अंडी बोलले. ताप हलला नाही.

आर्विड: ताप औषधानं उतरला.

रुआन: ऐकून घे. मग डुकराचं मुंडकं बोलले. ताप आणखी चढला! तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. त्याला खायला नकोय, त्याला करमत नाहीये. जत्रा बंद, तमाशे बंद, नाचणाऱ्या पोरी घरात बसून भाजी विकतायत. देव असला म्हणून काय, भिंतीकडे किती बघत बसेल? म्हणून बोलले, बाबा, याला उठव, हा स्वतः येऊन तुझ्यापुढे नाचेल. संध्याकाळी तुला घाम फुटला.

आर्विड: घाम त्या पत्र्याच्या छपरानं फुटला. ताई, मी चाळीस वर्षं जहाजाची इंजिनं चालवली. माझ्या लग्नात नाचलो नाही. दुआंगनं दोन्ही हात धरून ओढलं, तरी खुर्ची सोडली नाही.

रुआन: आठवतं. खुर्चीसकट ओढला होता तुला माझ्या बहिणीनं.

आर्विड: मग आता दगडापुढे नाचू?

रुआन: हळू बोल! तुला काय, तू सुटशील. नवस राहिला की तो बोलणाऱ्याला धरतो. माझी बदकं अंडी देईनाशी झालीत. परवा धडधाकट जिन्यावरून घसरले. तुझ्या गुडघ्याचं कौतुक ऐकू की माझ्या कंबरेचं?

चानपेन: मावशी, काका, आहात का घरात? ताप बघायला आलेय. फाटकापाशीच या. काका, मास्क नाकावर. हनुवटीला सर्दी होत नाही.

आर्विड: घ्या. आरोग्य स्वयंसेविका आल्या. रोज माझ्या कपाळावर पिस्तूल रोखतात.

चानपेन: छत्तीस. काका अगदी थंड. मावशी, आता तुम्ही. अगं बाई.

रुआन: काय झालं?

चानपेन: अडतीसच्या वर दाखवतंय.

आर्विड: पुन्हा बघा!

चानपेन: पुन्हा तेच.

आर्विड: ताई, बसा. नाही, उभ्या राहा. खोकला आहे? वास येतो? चानपेन, यांना शाळेत नेणार का? यांची पुठ्ठ्यावर पाठ मोडेल. थांबा, मी पँट घालतो. कुठाय पँट? आत्ता चला टेकडीवर, आत्ताच्या आत्ता!

रुआन: गुडघा?

आर्विड: गेला खड्ड्यात गुडघा!

चानपेन: मावशी, तुम्ही आत काय करत होता?

रुआन: मिरच्या भाजत होते. चुलीत तोंड घालून.

चानपेन: देवा! या इकडे, आंब्याखाली उभ्या राहा. वारा लागू द्या. पाणी प्या. हं, आता बघू. छत्तीस. काका, पँट उलटी घातलीत.

रुआन: हसू नकोस गं त्याला. बघ, कसा पांढरा पडलाय. म्हणजे, आणखी पांढरा.

आर्विड: चानपेन, ते यंत्र फेकून द्या.

चानपेन: यंत्राला काय बोलता? बरं, दुसरं काम. तुमच्या मुलीचा, सिसेलचा, नॉर्वेहून आरोग्य केंद्रात फोन आला होता. आमच्या नर्सबाईंना इंग्रजी येतं थोडंफार.

आर्विड: सिसेलचा? केंद्रात? कशाला?

चानपेन: तुम्ही तिला सांगितलंत म्हणे, राखणदाराचं देणं फिटेपर्यंत गाव सोडता येत नाही. तिला वाटलं, कुणीतरी साहेब आहे. विचारत होती, हे राखणदार कचेरीत किती वाजता भेटतात, आणि त्यांच्या वरचा अधिकारी कोण?

रुआन: त्याच्या वरचा? अगं बाई, त्याच्या वर नुसतं आभाळ!

चानपेन: नर्सबाईंनी तेच सांगितलं. मग ती म्हणाली, दोनदा तिकीट काढलं, दोनदा बाबांनी पुढे ढकलायला लावलं, शुक्रवारचं शेवटचं. तोपर्यंत साहेबांनी सही करावी.

रुआन: आर्विड.

आर्विड: मिरच्या जळतायत बघा.

रुआन: जळू देत. शुक्रवारचं तिकीट आहे? मला बोलला नाहीस.

आर्विड: बोलणार होतो.

रुआन: कधी? विमानातून? आणि काय रे, ज्याला दगड म्हणतोस, त्याच्याच पाठीमागे लपलास? पाऊस, पोलीस, चष्मा, गुडघा! मी म्हणतेय, जावईबापूंचा विश्वास नाही म्हणून नाचत नाहीत. आणि जावईबापू नवस जपून ठेवतायत, लोणच्यासारखा!

आर्विड: एकुलती मुलगी आहे, ताई. तिची आई माझ्यापासून वेगळी झाली तेव्हा ती शाळेत होती आणि मी समुद्रावर. आता म्हणते, बाबा, तिकडे आजारी पडलात, कुणी नव्हतं, घरी या. तिला काय सांगू? मला तुझ्याकडे यायचं नाही? मला सकाळी पलीकडच्या अंगणातून कुणीतरी शिव्या घातल्याशिवाय चहा गोड लागत नाही? असं बापानं मुलीला सांगतात का?

रुआन: कुणी नव्हतं म्हणाली?

आर्विड: तिला माहीत नाही तुम्ही फाटकाशी उभ्या होता. मी सांगितलं नाही.

रुआन: का?

आर्विड: सांगितलं असतं तर बाकीचंही सांगावं लागलं असतं.

चानपेन: मी जाऊ का? पलीकडे अजून घरं राहिलीत.

रुआन: थांब तू. हे बघ आर्विड, मग नको नाचूस. नवस राहू दे. शुक्रवार जाऊ दे. मी धरेन तग. बदकं काय, विकून टाकीन.

आर्विड: नाही.

रुआन: अरे, तुझ्याच भल्याचं बोलतेय.

आर्विड: मघाशी त्या पिस्तुलावर अडतीस आलं तेव्हा मी उलटी पँट घालून टेकडीवर निघालो होतो. विश्वास नाही माझा. पण तुमच्या डोक्यावर ते ओझं ठेवून मी इथे चहा पिणार नाही. चला. संध्याकाळी, ऊन उतरलं की.

(त्याच दिवशी संध्याकाळी, टेकडीवर राखणदाराच्या देवळीपुढे.)

चानपेन: पाचांपेक्षा जास्त जमायचं नाही, आधीच सांगते. आपण तिघं.

आर्विड: राखणदार चौथा.

रुआन: आणि त्याचा हत्ती, त्याचा घोडा?

चानपेन: ते मातीचे आहेत, धरत नाही. मावशी, काकांच्या फोनवर गाणं लावू?

रुआन: आधी उदबत्ती. बाबा, आणलाय बघ. उशीर झाला, पोटात घाल. ही उदबत्ती जळून संपेपर्यंत नाचेल.

आर्विड: संपेपर्यंत? ही केवढी आहे! काठी आहे की उदबत्ती?

चानपेन: दुकानात हीच उरली होती, काका. लहान सगळ्या नवसवाल्यांनी नेल्या. साथीत उदबत्त्यांचाच धंदा.

रुआन: लाव गं गाणं. चल, हात वर. वर म्हणजे शरण आल्यासारखा डोक्यावर नाही! छातीपाशी. बोटं मागे वळव.

आर्विड: वळत नाहीत.

रुआन: वळतात. पाना धरायला वळत होती ना? हं. आता पाय. हळू! नाचतोयस की झुरळ मारतोयस?

चानपेन: काका, तालावर.

आर्विड: ताल कुठाय? मला नुसता ढोल ऐकू येतोय.

रुआन: तोच ताल! हां. हां, असं. अगं चानपेन, बघ, कंबर हलली!

चानपेन: ती आपोआप हलली, मावशी. तोल गेला.

रुआन: हलली ना? राखणदार कारण विचारत नाही. थांबू नकोस! आर्विड, का थांबलास?

आर्विड: काही नाही. दुआंग असती तर काय म्हणाली असती, एवढंच.

रुआन: म्हणाली असती, मला एवढी वर्षं थांबवलंस आणि नाचलास कुणापुढे, तर माझ्या ताईपुढे. आणि पोट धरून हसली असती. नाच.

चानपेन: उदबत्ती संपत आली, काका. आणखी थोडंच. झालं! संपली.

रुआन: बाबा, फिटलं. याचं आणि माझं, दोघांचं. बस रे, बस त्या पायरीवर. पाणी घे.

आर्विड: म्हणजे आता काहीच राहिलं नाही?

रुआन: काही नाही. मोकळा आहेस. कुठेही जा.

आर्विड: चानपेन, माझा फोन द्या. तिकडे आता दुपार असेल.

रुआन: काय सांगशील?

आर्विड: की मला कुणी अडवलेलं नाही. मला यायचं नाही. शाळेच्या फाटकाशी कोण उभं होतं, तेही सांगतो.

रुआन: रडेल पोर.

आर्विड: रडेल. विमानं नीट सुरू झाली की तिलाच इकडे बोलावतो. पण आज रडेल.

चानपेन: लागला, काका. वाजतोय. उचलला तिनं!

रुआन: अरे, एकदम नको सांगूस. आधी विचार, जेवलीस का.