दुपारी दोनचं पाळणा-शिबीर

मरोळच्या दवाखान्यात केसपेपरचा कारकून चहाला गेला, तो गेलाच. माझ्यापुढे रांगेत दोन म्हाताऱ्या होत्या. गावाहून परतलेली चंद्राबाई शेजारणीला विचारत होती.

"सुंदरे, गणपतीआधी आपल्या चाळीत डॉक्टरीणबाई आलेल्या म्हणे?"

"आलेल्या ना. दुपारी दोन वाजता, पाळणा कसा लांबवायचा ते शिकवायला."

"दोनला? तेव्हा सुना सगळ्या कंपनीत असतात."

"म्हणून तर आम्ही म्हाताऱ्या गेलो. सतरा जणी होतो."

"तुम्हाला काय करायचंय गं त्याचं?"

"त्यांना वहीत अंगठे हवे होते, आम्हाला चहा-बिस्किट. झकास झालं."

"आणि गोळ्या?"

"दिल्या ना एकेक पाकीट. म्हणाल्या, घरी सुनेला द्या."

"दिलंस?"

"वेडी का काय! दोन्ही मुलीच आहेत तिला. तांदळाच्या डब्यात तळाशी ठेवलंय."

"मग आज इथे कशाला?"

"सुनेला, लताला आणलंय. ती बघ, बाकड्यावर आडवी झालीय. परत दिवस गेलेत, आणि अंगात रक्तच नाही म्हणतात."

"डॉक्टरीणबाई ओरडतील हां. म्हणतील, एवढं शिकवलं तेव्हा होतात कुठे?"

"ओरडू दे की. वहीत पहिला अंगठा माझाच आहे."