आवाज कमी करायचा नाई

(बुद्धपौर्णिमेच्या आदल्या दुपारी, नाचणगावात. मोनालीच्या घरी कॉम्प्युटरपुढे ती आणि तिची आत्या सीताबाई.)

मोनाली : ही तिसरी सीडी, आत्या. यातबी तुह्या गाण्याचा आवाज फाटूनच राह्यला.

सीताबाई : फाटू दे. चौथी लाव. आज मी सीडी घेतल्याबिगर उठत नाई.

मोनाली : थांब न जरा. पह्यली अटकत होती, कारण मी फुल स्पीडनं राइट केली. दुसरी हळू केली. अटकणं गेलं, खरखर राह्यली.

सीताबाई : तुह्या मशीनले माहा आवाज पचत नाई.

मोनाली : मशीनचा काय दोष? मले वाटलं, व्हाट्सअपवरची फाइल घेतली म्हणून खराब झाली. तं तिसरीले तुह्या मोबाइलातली ओरिजनल घेतली. तरी तू वर चढली का फाटते. विहारातल्या सेटले पेनड्राइव्ह लागत असता, तं ही झंझटच नसती.

सीताबाई : उद्या असं वाजलं तं बंडूजीले आयतंच सापडन. कमिटीचा अध्यक्ष झाला म्हणून मिटिंगमंधी सगळ्यायपुढं म्हणे, बायायचं गाणं घरातच बरं, भोंग्यावर नागपूरच्या गायन पार्टीची सीडी लावू.

मोनाली : मी होतो न तिथं.

सीताबाई : मंग? केस काळे होते तवापासून गाऊन राह्यलो आमी. गाणं माहं, चाल माही. लागन तं आमचंच लागन.

मोनाली : बरं, हे ऐक. मोबाइलात कसं वाजते?

सीताबाई : खणखणीत.

मोनाली : म्हणजे गडबड कॉम्प्युटरात झाली. आवाज चेक करतो... हा टोकाले कसा गेला? मी तं अर्ध्यावर ठेवलता.

सीताबाई : म्या केला.

मोनाली : तू? कवा?

सीताबाई : तू चहा मांडाले गेलती तवा. तुले वाढवताना पाह्यलं होतं म्या.

मोनाली : पण काऊन?

सीताबाई : मागच्या साली आमची सीडी लावली आन आवाज असा बारीक ठेवला, का विहाराच्या फाटकाबाहेर गेला नाई. माह्या जिवाले लय लागलं थे. यंदा शेवटच्या घरी पोचला पाह्यजे.

मोनाली : अवं, सीडीत इतका कोंबला का तो फाटतेच. सीडीत मापात ठेवाचा, आन भोंग्याच्या मशीनवर वाढवाचा.

सीताबाई : आन त्या मशीनचं बटन कोणाच्या हातात?

मोनाली : बंडूजीच्या.

सीताबाई : मंग कमी करू नको.

मोनाली : फाटलेलं वाजलं तं एका मिनिटात काढतीन थे. वरून म्हणतीन, पाहा, म्या सांगतलंच होतं.

सीताबाई : कर मापात. शब्द न् शब्द कळला पाह्यजे.

मोनाली : ...झाली. ऐक आता.

सीताबाई : हां. हा माहा आवाज हाय. उद्या सकाळी त्या मशीनपाशी खुर्ची टाकून मी बसतो. बटन माह्या हाती.

मोनाली : बंडूजी उठ म्हणतीन.

सीताबाई : म्हणू दे. गाणं सरल्यावर उठीन.

मोनाली : आन खीर? सकाळी साऱ्या बाया चुलीवरच्या खिरीच्या गंजापाशी राह्यते, म्हणून तं सीडी केली आपण. तुह्या जागी ढवळाले चाटू कोण धरन?

सीताबाई : बंडूजी मोकळे राह्यतीन न. तूच त्यायले म्हणजो, ढवळत राहा, बुडाले लागू देऊ नका.