गेटपाशी उभं राहायचं नाय

आमी मरोळ गावठाणातले. माझा बाप अंधेरी स्टेशनवर टांगा हाकायचा, त्यामुळं घोड्याच्या वासातच वाढलो म्हणा ना, आणि टांगे गेले तरी तो वास काय गेला नाय. पास्कू म्हणतात मला. इकडं गोरेगाव साइडला पोरांना घोडेस्वारी शिकवायचा क्लब हाय, तिथं तबेल्यात एकवीस वर्षं झाली.

काय सांगू तुम्हाला, त्या क्लबात बिस्किट नावाचा पोनी आला तेव्हा चावायचा, लाथा मारायचा, कोणी जवळ जायचं नाय. मी सकाळी खरारा करायचो, खूर साफ करायचो, त्याच्याशी बोलत बसायचो. बाप करायचा तसंच केलं, काम संपलं की गूळ, त्याच्या आधी नाय. सरावाची फेरी झाली की मी रिंगणाच्या गेटपाशी उभा, हातात गूळ, आणि हा दुडक्या चालीनं येऊन तोंड खुपसायचा. सहा महिन्यांत असा शाणा झाला की अनयाला, म्हणजे त्याची रायडर, दहा वर्षांची पोरगी, तिला त्याच्यावर बसवलं. पोरगी गोड. पास्कू अंकल, पास्कू अंकल करायची.

मग तिची पयली शो आली, म्हणजे घोड्यावरनं उड्या मारायची स्पर्धा. पहाटेपासून मी आयाळीच्या वेण्या घातल्या, बारीक बारीक, खुरांना तेल, तिचे बूट पण मीच पुसले. आणि सवयीनं जाऊन गेटपाशी उभा राहिलो. तिथंच माती खाल्ली मी. पोरगी झकास चाललेली, दोन उड्या बाकी, आणि बिस्किटनं मला बघितलं. त्याला वाटलं काम संपलं. लगाम खेचते, रडते, हा ऐकतोय कुठं, सरळ गेटातून बाहेर, माझ्या खिशात तोंड. बाद केलं तिला. लोक हसले. तिची मम्मी सगळ्यांसमोर बोलली, हा माणूस घोडा बिघडवतो, याला काढा.

क्लब चालवतात त्या सरांनी काढलं नाय. बोलले, पास्कू, तूच लावलीस ही सवय, तूच मोड. शो असली की घोडे आणायच्या गाडीच्या मागं थांबायचं, त्याला दिसायचं नाय, आणि रोज गेटवर उभं राहायचं पण हात रिकामा, तो आला की पाठ फिरवायची. मी केलं साहेब. रोज केलं. तो खिसा हुंगायचा, मानेला ढुशी द्यायचा, मी भिंतीकडं बघत उभा. चार महिने. घरी बायको विचारायची, जेवत का नाय तुमी, काय सांगणार तिला, पोनीनं रिकामा हात चाटला म्हणून?

दुसऱ्या शोला पोरगी पयली आली. गाडीमागं उभं राहून टाळ्या ऐकल्या मी. फोटोत सर हायत, मम्मी हाय, वेण्या माझ्या हायत. पोरीवर माझा राग नाय, देव तिचं भलं करो.

आता सर बोलतात, पास्कू, कुठं पण उभा राहा रे, काय टेन्शन नाय. राहतो मी गेटपाशी. बिस्किट समोरून जातो, मान वळवून बघत पण नाय. गूळ अजून ठेवतो खिशात. मुंग्या लागतात त्याला.