ताल कुणी घातली

कडी लावलीस? नीट लाव. आन ती पहार भितीला टेकव, आमची हाय ती, आता हितंच ठिवून जायची. — न्हाई न्हाई, वर येऊ नगंस, सारवलंय. पायरीवर बस, धुळा. घरात चिटपाखरू न्हाई. सगळ्यास्नी म्या मुद्दाम जत्रंला धाडलंय. का म्हंजी? आरं, आपलं दोघांचं बोलणं, तिसऱ्याच्या कानावर कशाला?

ह्यो बघ कागुद. मागं काय सरतोस, कागुद चावत न्हाई. उद्या विट्यावनं साहेब यायचा हाय, माळावरची ताल बघायला. उताराची माती पावसात वाहून जाऊ ने म्हणून जो दगडी बांध घालंल, त्येला सरकार निम्मा खर्च देतंय — जो घालंल त्येला म्हंजी जिमिनीच्या मालकाला. म्हंजी मला. तू घातलीस? व्हय रं बाबा, तूच घातलीस, दोन उन्हाळं तिथंच काढलंस, कोण न्हाई म्हणतंय? पर माळ कुणाचा? धोंडं कुणाचं? पहार कुणाची? तुजं काय हुतं — हात! हात काय, बाजारात लय मिळत्यात. तर कागदावर येवडंच हाय — धुळा आमचा कूळबीळ न्हाई, रोजगारी हाय, सयाजीरावांनी रोज देऊन ताल बांधून घेतली. खोटं हाय? आरं, बारा वर्सं तू त्ये रान कसलंस, दर सुगीला वाटा घातलास, मला काय म्हाईत न्हाई? म्हणून तर अंगठा पायजे. नवा कायदा आलाय, कसणाऱ्या कुळाला रानातनं हलवता येत न्हाई म्हणं. — ह्ये तुला सांगाया नगं हुतं. बरं, कळलं तर कळलं, तू काय करणार हायस?

काय म्हणालास? निवद? हात्तिच्या, आसं बोल की! बनुबाई जिथं धोंड्याखाली गावली तिथं आवसंला भाकरीचा निवद ठिवायचा, येवडंच न्हवं? ठिव की. दर आवसंला ये, जबान देतो. बायकू गेली तुजी, मी काय राक्षीस हाय? आण अंगठा. शाई लाव बरी — दाब, आजून जरा — हां! झालं.

ऊठ आता. कसली आवस रं? उद्यापास्नं त्या रानात तुजं काय काम? रोजगाऱ्याला बलावलं तर यायचं. न बलावता पाय ठिवलास तर कुत्री सोडीन. आन त्या धोंड्याला कुक्कू लावून ठिवलंवतंस, त्ये म्या सकाळीच घासून काढलं. साहेबानं इचारलं ह्ये काय, तर काय सांगू — हितं कुळाची बायकू मेली म्हणून?

रडतोस काय बाईवानी! ताल येळंत झाली का न्हाई? तुज्या भरवशावर ठिवली आसती तर आजून निम्मीच आसती. तू बाजाराला गेल्तास त्या दिशी — बनुबाई म्हणत हुती, मालक, ह्यो धोंडा लय मोठा हाय, धनी आल्यावर लावू. म्या म्हटलं, धनीबिनी काय न्हाई, पावसाच्या आत मोजणी व्हायची हाय, तूच घाल पहार. घातली, आन घरंगळला की धोंडा, त्येला कोण काय—

काय? ती धोंडा हलवाया आपणहून गेल्ती म्हणून तुला कुणी सांगिटलं? मीच? — व्हय, मीच सांगिटलं आसंल. मग आता काय त्येचं? झालं त्ये झालं. आसा बघू नगंस माज्याकडं. बरं, निवद ठिव जा. ठिव, दर आवसंला ठिव, मी कुणाला सांगत न्हाई. कागुद फाडू? ह्यो बघ, फाडतो — पहार कशाला उचललीस, धुळा? हितंच ठिवायची म्हटलं न्हवं तुला. खाली ठिव. कडी काढ आदी. आरं, कोण हाय का घरात? कोण—