पासवर्डच नाही, तं सांगू काय?

परवा आमच्या मायची मोठी गंमत झाली. ती मालेगावले एकटीच राहते, नातवाचे सारे फोटो तिच्या मोबाईलच्या खात्यात. एका माणसाचा फोन आला, "मावशी, तुमचं खातं बंद होऊन राह्यलं, सारे फोटो जातीन. लवकर पासवर्ड सांगा."

माय घाबरली. म्हणे, "सांगितला असता बाप्पा, पण पासवर्डच नाही. पोरीनं पासकी करून देली. माह्या फोनवर मी बोट लावलं का खातं उघडते."

"मग आता?"

"आता तुमीच या मालेगावले. बोट लावून देईन, चहा पिऊन जा."

त्यानं फोनच कापला.

मायनं मले फोनवर हे सारं सांगितलं, तं मी म्हटलं, "माय, चोर होता तो!"

"असा कसा चोर वं? चहाले या म्हटलं, तं पळाला!"