टक्का वर्षाचा की महिन्याचा

रुपचंद ओंकार सोनवणे, वय वर्षे एकोणऐंशी पूर्ण — हं, असे लिहा, सारिकाताई, आणि ते 'पंच्याहत्तरीनिमित्त' आधी खोडा. पंच्याहत्तरी चार वर्षांपूर्वी होऊन गेली आणि त्या दिवशी आमच्या घरी पिठले होते. रविवारच्या सत्काराचा हा फ्लेक्स आहे, मान्य — पण मजकूर कोणी दिला? पियुषरावांनी? वाटलेच मला. ज्येष्ठ नागरिक मंडळाचे चिटणीस झाले, पण अनुस्वार कुठे द्यावा हे अजून कळले नाही. म्हणून म्हटले, छापण्यापूर्वी दुकानात जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी वाचून यावे. नाही, नाही — 'रु' ऱ्हस्वच करा. रूप शब्दातला 'रू' दीर्घ असतो, तुमचे बरोबर आहे, परंतु असोद्याच्या शाळेत नाव घालताना गुरुजींनी ऱ्हस्व लिहिला, दाखल्यावर ऱ्हस्व, निवडणुकीच्या यादीत ऱ्हस्व — साऱ्या जळगावचे ऱ्हस्वदीर्घ सुधारणारा हा माणूस स्वतःच्या नावात एक चूक घेऊन फिरतो. काय करणार? दाखला तो दाखला.

आता खाली या. 'अर्थतज्ञ' — अहो, तज्ज्ञ! तत् अधिक ज्ञ. अर्धा 'ज' आधी, मग 'ज्ञ' — जागा पुरत नाही? मग माझा फोटो लहान करा. आणि हे काय? 'नावात रूपे, आडनावात सोने, नानांचा शब्द म्हणजे खणखणीत नाणे' — एका ओळीत 'न' आणि दुसरीत 'ण', याला यमक म्हणतात का? शिवाय 'सुवर्णभविष्यवेत्ते'! ताई, माझे शिक्षण सातवी. तेहतीस वर्षे जिनिंगच्या काट्यावर कापसाच्या गाड्या मोजल्या, एका किलोची तक्रार नाही. बाकीचे शिक्षण रद्दीतून — शेंगदाण्याच्या पुडीचा कागद वाचल्याशिवाय मी दाणे खाल्लेले नाहीत. रेपो दर, रोखे, महागाईचा निर्देशांक, सारे स्वतःच्या बळावर वाचले. मात्र भविष्यवेत्ता — नाही, तो शब्द ठेवू नका. का म्हणजे? शब्द जड आहे म्हणून.

काय म्हणता? सोने चढणार हे मला आधीच कसे कळले? कळले म्हणजे — बसू का या स्टुलावर? — त्याचे असे, फेब्रुवारीतला पहिला शुक्रवार होता. रिझर्व्ह बँकेने रेपो दर पाव टक्का कमी केला. रेपो म्हणजे बँका रिझर्व्ह बँकेकडून ज्या दराने उसने घेतात तो दर. तो उतरला की कर्ज उतरते, आणि त्यामागून आपल्या मुदत ठेवीचे व्याजही उतरते — ठेवीचे जरा सावकाश, पण उतरते. सकाळी बागेतल्या बाकावर मी हे समजावून सांगितले. भागाबाई होत्या — आमच्या असोद्याच्याच, पूर्वी अंगणवाडीत होत्या — त्या म्हणाल्या, "नाना, पण दर कमी का केला?" मी म्हटले, महागाई उतरली म्हणून. तर म्हणाल्या, "उतरली, तर मग भरताचं वांगं साठ रुपये किलो कसं?" आता पाहा, हीच चूक सगळे करतात. महागाईचा दर उतरतो, किमती उतरत नाहीत. धुळ्याची बस पारोळ्यापाशी हळू झाली, म्हणून ती मागे जळगावला येते का? जाते धुळ्यालाच, फक्त हळू जाते. भागाबाई म्हणाल्या, "म्हणजे बस आपलीच आहे, पण आपण खालीच उभे." मी म्हटले, हेही एक परीने बरोबर.

मग रोखे सांगितले. केळीवाल्याचा चोपड्याच्या व्यापाऱ्याशी दोन हजारांचा करार झालेला असावा आणि बाजार बाराशेवर यावा — त्या कराराच्या कागदाला मागणी येते की नाही? रोख्याचेही तसेच. नवे व्याज उतरले की जुन्या चढ्या व्याजाचा कागद महाग होतो. कर्ज स्वस्त म्हणून कारखानदार हुशारतात, शेअरवाले त्यांच्याहून जास्त हुशारतात. आणि सोन्याला मुळातच व्याज नाही. परंतु बँकेचेच व्याज उतरले, की सोन्याला व्याज नसण्याची लाज कमी होते. एवढेच मी म्हटले. 'घ्या' असे म्हटले नाही. वर्तमानपत्र घडी घालून ठेवले आणि उठलो — आणि पुढच्या आठवड्यात बाकावरच्या अकरा जणांनी ठेवी मोडून सराफ बाजार गाठला. तोळा तेव्हा शहाऐंशी हजारांच्या आसपास होता. दिवाळीला सव्वा लाखाच्या पुढे गेला. म्हणून हा सत्कार, म्हणून ही शाल, म्हणून हा दहा बाय सहाचा फ्लेक्स.

हसता काय? तुमचे हसणे आदराचे आहे हे कळते, म्हणूनच ते टोचते. कॉम्प्युटर जरा थांबवा. ताई, त्या अकरा जणांनी माझे ऐकून सोने घेतले नाही. माझे चुकीचे ऐकून घेतले.

सांगतो. मी म्हटले, पाव टक्का. भागाबाईंनी विचारले, "पाव टक्का म्हणजे शेकड्याला चार आणेच ना, नाना?" मी म्हटले, अगदी बरोबर. आणि होतेच ते बरोबर! — फक्त माझे चार आणे वर्षाचे होते आणि त्यांचे महिन्याचे. आपल्या खेड्यात टक्का म्हणजे महिन्याचाच ना? 'दोन टक्क्यांनी दिले' म्हणजे शेकड्याला महिना दोन रुपये. वर्षाचा टक्का बँकेत राहतो, खेड्यात त्याला कोणी ओळखत नाही. माझा जन्म असोद्याचा, मला हे सुचायला नको? नाही सुचले. वाचन फार झाले की माणसाला साधे ऐकू येईनासे होते. तर भागाबाईंचा हिशेब पाहा — महिना चार आणे, म्हणजे वर्षाला तीन रुपये. मी पुढे म्हटले होते, आणखी दोनदा तरी कमी होईल. म्हणजे तीन त्रिक नऊ. ठेवीचे व्याज साडेसात. साडेसातातून नऊ गेले — उरले उणे दीड! "बठ्ठ्यांनी आटोपा," — बठ्ठे म्हणजे सगळे — म्हणाल्या, "नाना पेपर वाचून सांगतात, पुढच्या साली बँक उलटी आपल्याकडून शेकडा दीड रुपया घेणार!" आणि धावले सगळे. परवा पुन्हा पाव टक्का उतरला, एकंदर सव्वा झाला — म्हणजे त्यांच्या हिशेबाने वर्षाला पंधरा रुपये. एव्हाना बँकेच्या माणसांनी घरी येऊन पातेली उचलायला हवी होती.

मला कळले केव्हा? दिवाळीत. भागाबाई पेढे घेऊन आल्या, पाया पडल्या आणि सारा हिशेब मला कौतुकाने ऐकवला. माझ्या हातात पेढा होता. मी काट्यावरचा माणूस आहे, ताई, पासंग मला डोळ्यांनी दिसतो. तत्क्षणी म्हणायला हवे होते की भागाबाई, तुमचे गणित चुकले, सोने वाढले ते निराळ्याच कारणांनी — जगभरच्या भानगडी, कुठकुठल्या देशांच्या बँका सोने घेत सुटल्या — माझा त्यात काही हात नाही. मी काय म्हणालो? "पेढा उत्तम आहे." आणि दुसरा घेतला. नंतर मंडळाची सभा झाली, सत्काराचा ठराव झाला, मी खाली मान घालून बसलो; त्यांनी त्याला विनय म्हटले.

माझे? माझे सोने? एक गुंजही नाही. माझी ठेव ऑगस्टमध्ये पिकली, साडेसाताऐवजी पावणेसातने पुन्हा ठेवली. नियमानुसार. सारे शास्त्र ज्याला समजले, तो एकटा मागे राहिला — हे मात्र फ्लेक्सवर घालू नका.

घरात? घरात आहे. सौ. वत्सलाबाईंनी घेतले. सगळे त्यांना वच्छलाबाई म्हणतात, त्या स्वतःही तसेच म्हणतात; शुद्ध रूप वत्सला आहे. दिवाळीच्या पाडव्याला ओवाळायला आल्या तेव्हा हातात पाटल्या. मी म्हटले, या कुठल्या? शिवणकामाच्या पैशांची त्यांच्या नावची ठेव होती, ती भागाबाईंबरोबर जाऊन मोडली होती. फेब्रुवारीतच! आठ महिने पाटल्या डाळीच्या डब्यात होत्या, आणि त्याच डब्यातली डाळ मी रोज जेवत होतो. मी म्हटले, तुम्हीही तो महिन्याचा हिशेब खरा धरलात? तर त्या — सोनगीरच्या आहेत, रागावल्या की माहेरच्या बोलीत जातात — म्हणाल्या, "माले माहीत व्हतं, ते वरीसनं शे."

ते वर्षाचे आहे हे ठाऊक होते, ताई. बाकावरच्या सगळ्यांत एकट्या त्यांनाच बरोबर समजले होते. मी विचारले, मग भागाबाईंना सांगितले का नाही? मग मोडलीत कशाला? तर ताट खाली ठेवून म्हणाल्या, "तुम्हनं कपाट शे. मन्हा हातमा पाटल्या शेतस."

कपाट — म्हणजे पुस्तकांचे. सागवानी. त्याचा इथे काही संबंध नाही. आहे, थोडा आहे. सत्तावीस वर्षांपूर्वी त्यांच्या माहेरच्या पाटल्या मी मोडल्या. सोने हा निपचित धातू आहे, व्याज देत नाही, असे मी त्यांना दोन संध्याकाळी समजावून सांगितले होते. काही पैशांचे कपाट केले आणि बाकीचे एका पतसंस्थेत ठेवले — नाव घेत नाही — शेकडा पंधरा टक्के. वर्षाला! तेव्हाही वर्षालाच म्हटले होते मी, हिशेब अगदी अचूक होता. पतसंस्था तेवढी राहिली नाही. तिथे आता मोबाइलचे दुकान आहे. त्यानंतर त्या माझ्याजवळ पाटल्यांविषयी एक अक्षर बोलल्या नाहीत. मला वाटत राहिले, माझे म्हणणे पटले.

असो. हे मी कशाला सांगत बसलो? तुम्ही 'तज्ज्ञ' नीट करा — काय? उद्या सकाळी दुकान उशिरा उघडणार? का? ... बँकेत? कसली ठेव मोडायला? मुलीच्या कॉलेजची — सगळी? आणि सोने घेणार? कोणाच्या सांगण्यावरून?

माझ्या.

ताई, फ्लेक्सवर वाचलेत म्हणून? हा फ्लेक्स तुम्हीच टाइप केला आहे! थांबा, थांबा, माझ्याकडे पाहा. फी केव्हा भरायची? जूनमध्ये. मग जूनमध्ये सोने कुठे असेल हे मला ठाऊक नाही. रिझर्व्ह बँकेला ठाऊक नाही. सराफाला ठाऊक नाही, तो फक्त तसा चेहरा करतो. फेब्रुवारीत घेतले त्यांना वाढीव भाव मिळाला; तुम्ही आज त्याच वाढीव भावाने घेणार. ठेव मुदतीआधी मोडलीत तर बँक व्याज कापेल, सराफ घडणावळ घेईल, वर कर लागेल, आणि जूनमध्ये मोडायला गेलात की तुटीचे वेगळेच. जुन्या चढ्या व्याजाचा कागद आहे तुमच्या हातात — केळीवाल्याचा करार, आत्ताच सांगितला ना? — तो कोणी सोडतो का? माणसाने जूनची फी भविष्यवेत्त्याच्या भरवशावर टाकू नये, आणि माझ्या तर मुळीच नाही. मी एकदा बरोबर सांगितले ते चुकीचे ऐकले गेले आणि खरे ठरले. याला ज्ञान म्हणत नाहीत. याला, ताई, पुडीचा कागद म्हणतात — कोणत्या दाण्याबरोबर काय येईल, नेम नाही.

पुसा ते. 'तज्ज्ञ' नको, मजकूरच पुसा सगळा. फोटोही. पियुषरावांनी आगाऊ दिले असतील ते मी भरीन. रविवारी मी स्वतः उभा राहून सांगेन, भागाबाईंच्या समोर — पेढ्यासह सांगेन. तुम्ही उद्या दुकान वेळेवर उघडा.

---

रुपचंद ओंकार सोनवणे — नाही, आज नाव नको, सारिकाताई, लहान पाटी हवी. एक फूट बाय दोन. बागेतल्या बाकाच्या मागे लावायची आहे. लिहा: 'येथे सांगितलेले सर्व दर वार्षिक आहेत.' 'वार्षिक'ला पहिली वेलांटी — छान, तुम्हीच बरोबर केलीत. सत्कार? झाला. मी सगळे सांगितले, सगळे हसले, शाल भागाबाईंना दिली, त्या म्हणाल्या, "चूक माझी, नाना, पण तोळे पण माझे." आता मी काहीही सांगितले की अकरा जण एका आवाजात विचारतात, "वर्षाचा की महिन्याचा?" तुमची ठेव? आहे ना जागेवर? ठीक. बदल एवढाच झाला आहे की आमच्या घरी आता वर्तमानपत्र आधी वच्छलाबाई वाचतात. मला ते जेवण झाल्यावर मिळते. पाटी संध्याकाळी नेतो. चला, तुमचे गिऱ्हाईक उभे आहे.