वाडीवरचं बंद दार

लसीकरणाच्या रांगेत तान्ह्या सृष्टीला मांडीवर घेऊन बसलेली सारिका नव्या नर्सचे हात थरथरतात का, तेच बघत होती. ती नर्स थोरल्या सिस्टरांना सांगत होती.

“वाडीवर तीन खेपा झाल्या. शिदूच्या पोराची लस राहिलीय, पण दार बंदच. शेवटी रजिस्टरात ‘लसीला नकार’ लिहून टाकलं.”

“किती वाजता गेलीस?”

“अकराला.”

“अगं सुषमा, भातलावणी चाललीय. बाया सहालाच चिखलात असतात. बांधावर जायचं, पोराची झोळी शोधायची.”

“कॉलेजात हे कुणी शिकवलं नाही.”

“मला तरी कुणी शिकवलं? माझे पाय बघ, बांध तुडवून सुजलेत.”

सारिकाशेजारची बाई पोराला घेऊन उठली. तिच्या पोटऱ्यांवर चिखल वाळला होता.

“बाई, शिदूची बायकू मीच. आमी नको म्हनलोच न्हाई. आदी त्ये लिवलेलं खोडा, मग टोचा.”